दीड अंशाचं मशीन

—नाई नाई, त्या खुर्चीवर नका बसू रूपरावजी, तिचा पाय हालते. इकडं या, पंख्याखाली. पिशवी ठेवा खाली. तीन वर्षांनी सेलूले पाय लागले तुमचे, अन् आल्या आल्या म्हणता, तानबाजी, लवकर करा, साडेचारची गाडी आहे. होते ना लवकर! तुमच्या गुलाबची जन्मवेळ तं या कॉम्प्युटरच्या मशीनमंधी आहेच, ते पुन्हा टाकाची गरज नाई. अन् ही हिंगणघाटच्या पोरीची — द्या इकडं तो कागद — सतरा ऑगस्ट, सकाळी सहा दहा, हिंगणघाट — झालं, एवढंच लागते. तिची पत्रिका निघन, गुलाबच्या पत्रिकेशी जुळवून पाहू, छापा हातात देतो, तुम्ही गाडीत. पण दहा मिनिटं थांबा लागन. मशीन गरम झालं पाहिजे. हो, मोटारीच्या इंजिनासारखंच, सकाळपासून बंद होतं ना. तोपर्यंत चहा घ्या. घेता की नाई? घ्या बावा, मागचं मनात नका ठेवू. माह्या मनात काही नाई. माह्यी प्रमिला अन् तुमचा गुलाब, दोघंही शिकलेले, दोघांचीही पसंती, तुम्हाले पसंत, मले पसंत — पण पत्रिका जुळवली तं एक नाडी आली. दोघांची नाडी एकच निघाली म्हटल्यावर आपल्याकडं पुढचं कोणी पाहते का? नाई पाहत. मोडलं. तुमचा काय दोष, माह्या काय दोष? मशीननं सांगतलं. ... प्रमिला? आहे ना, घरीच आहे. आत. नाई, अजून नाई झालं तिचं. पाहून राह्यलो.

काय म्हणता? हे तेच मशीन का? छे हो! ते जुनं, गिरडच्या यात्रेत तुम्ही पाह्यलेलं — टीव्हीले जोडलेलं, टेपवरून शिट्ट्या मारत सुरू होणारं — ते आठ बिटचं. हे सोळाचं. आता तुम्ही म्हणान, तानबाजी, आठ अन् सोळा म्हणजे काय? मलेही नव्हतं समजत. मी सातवी पास माणूस, रेडिओ अन् घड्याळाचं दुकान, इंग्रजी वाचता येते तं बॅटरीवरचं. पण ज्या वस्तूवर पोट आहे ती वस्तू उघडून पाहाची सवय आहे मले. माह्या बापाचं दुकान जिनिंगच्या फाटकासमोर होतं, लहानपण कापसाचे ढीग पाहण्यात गेलं, म्हणून मी अशी समजून घेतली ती गोष्ट — समजा दोन बाया आहेत, कापसाचा ढीग इकडून तिकडं नेऊन राह्यल्या. एकीजवळ टोपली आहे लहान, दुसरीजवळ दुप्पट मोठं टोपलं. टोपल्यात मावते किती, तो झाला आठ अन् सोळाचा हिशेब. अन् बाई पावलं किती भरभर टाकते, तो झाला मेगाहर्ट्झचा. मशीनच्या पोटात एक घड्याळ असते, ते टिचक्या मारत राह्यते, एका टिचकीले एक पाऊल. एक मेगाहर्ट्झ म्हणजे एका सेकंदात दहा लाख टिचक्या. मोजता येत नाई, सांगतो तेवढं ऐका. तं मग ढीग कोण लवकर उपसन? मोठ्या टोपल्यावाली? थांबा. ती जर हळू चालत असन तं? बरं मग भरभर चालणारी? पुन्हा थांबा! तिले टोपली उलटी कराले चार पावलं लागत असतीन अन् दुसरी दोन पावलांत काम करत असन तं? हे मले ते जुनं मशीन घेताना नागपुरात समजलं. एका दुकानदारानं मले चार मेगाहर्ट्झचं मशीन दाखवलं अन् म्हणाला, बाजूवाल्याचं तं दोनचंच आहे, हे दुप्पट पळते. मी म्हटलं दोघांले एकच गणित घाला. घातलं. दोनवालं आधी मोकळं! दुकानदाराचं तोंड पाहाले पाहिजे होतं तुम्ही. तवापासून मी एका आकड्यावर विश्वास ठेवत नाई, टोपलं पाहतो, टिचक्या पाहतो, अन् एका कामाले किती टिचक्या लागते तेही पाहतो. घेतलं तं चारवालंच, कारण त्याचा माणूस सेलूपर्यंत दुरुस्तीले यायले तयार होता. धंद्यात तेही पाहा लागते.

बरं, टोपल्यात मावत नाई असं ओझं असलं तं काय करान? दोन खेपा कराव्या लागतीन. अन् पहिल्या खेपेत काय उरलं ते ध्यानात ठेवावं लागन — शाळेत आपण हातचा धरतो तसा. त्या आठवाल्या मशीनच्या एका टोपलीत दोनशे पंचावन्नपर्यंतचाच आकडा मावते. त्याच्या वरचा आला की दोन खेपा, अन् अपूर्णांक असला तं चार-पाच खेपा, अन् हातचे सांभाळता सांभाळता त्याचा जीव जाते. पण करते बरं का. चुकत नाई. वेळ द्या, लहान टोपलीवालीही ढीग उपसतेच. हे मी आता शिकलो... असो.

चहा आला. घ्या. साखर कमी वाटली तं सांगा.

तं हे सगळं मले शिकवलं प्रेमदासनं. नालवाडीचा प्रेमदास, पाह्यला असन तुम्ही, उंच, चष्मेवाला, रेडिओचा डिप्लोमा केलेला. प्रोग्राम त्याचाच. चंद्र-सूर्य कोणत्या दिवशी कुठी होते हे काढाचं गणित त्यानं दोन महिने बसून मशीनमंधी घातलं. अन् गंमत अशी, की त्याचा पत्रिकेवर काडीचा विश्वास नाई! त्याचा बाप छप्पन साली नागपूरले गेलता, दीक्षा घेऊन आला, तवापासून त्याच्या घरात मुहूर्त नाई, पत्रिका नाई, काही नाई. मी म्हटलं, प्रेमदास, तुले हे काम चालते का? तं म्हणते कसा — तानबाजी, चंद्र कुठी आहे ते मी सांगीन. चंद्र काय करते, ते तुम्ही सांगा! आता याले काय बोलाचं? हुशार माणूस. त्याच्या बायकोनं, मीराबाईनं, तं मले तोंडावर विचारलं, भाऊजी, दोन माणसांचं लग्न जुळवाले चंद्राले कायले तकलीफ देता? मी हसलो. तेव्हा हसलो.

त्याचा प्रोग्राम बरोबर होता, अगदी बरोबर, पंचांगाशी ताडून पाह्यलेला. फक्त एका पत्रिकेले अकरा मिनिटं लागत. दुकानात अकरा मिनिटं काही नाई, पण गिरडची यात्रा रूपरावजी! टेकडीवरून दर्शन घेऊन लोक उतरून राह्यले, धूळ, गर्दी, पोरं पिपाण्या वाजवून राह्यले, अन् माह्या तंबूसमोर रांग. अकरा-अकरा मिनिटं कोण थांबते? बाजूले मौत का कुआँ होता, लोक तिकडं पळत. पहिल्या दिवशी रांगेतले अर्धे लोक निघून गेले. मी प्रेमदासले म्हटलं, काही कर, हे तीन मिनिटांत बसव. तो म्हणाला, बसत नाई. का नाई बसत? तं म्हणे, आभाळाचा गोल तीनशे साठ अंशांचा, अन् टोपलीत मावते दोनशे पंचावन्न. एका चंद्रासाठी दर वेळेस दोन खेपा, वरून अंशाचे अपूर्णांक. म्हणून वेळ लागते. मी काय म्हटलं असन? मी दुकानदार. मी म्हटलं, अरे, मग आभाळाचे तुकडेच जरा मोठे कर ना! तीनशे साठ नको, दीड-दीड अंशाचे कर, दोनशे चाळीस होतीन. मावले की नाई एका टोपलीत? प्रेमदास माह्याकडं पाहतच राह्यला. म्हणाला, मावतीन. पण नक्षत्र आहे तेरा अंश वीस कलांचं, म्हणजे सव्वातेरा अंशांच्या थोडं वर. तुमचा दीडचा तुकडा त्याच्या काठावर नेमका बसत नाई. काठावर जन्मलेला माणूस मागच्या नक्षत्रात ढकलला जाईन. मी विचारलं, असे किती? त्यानं तिथंच पुठ्ठ्यावर हिशेब केला — शंभरातून पाच. मी म्हटलं, पाचच ना? पंचाण्णव तं बरोबर? कापडवाला गज मोजताना सुतासुताचा विचार करते का? कर दीडचे तुकडे. त्यानं केले. रात्रीतून केले. दुसऱ्या दिवशी तीन मिनिटांत पत्रिका, रांग हालत नव्हती ती पळाले लागली, अन् मले वाटलं तानबा, तू तं इंजिनेर आहेस!

तुम्ही आलते तिसऱ्या दिवशी. आठवते? तुम्ही, गुलाबची आई, गुलाब. बोलणं तं घरीच झालं होतं आपलं, पत्रिकाही इकडं सेलूलेच शांतपणे पाहता आली असती. पण मी म्हटलं इथंच पाहू, यात्रेत, मशीनवर. काऊन म्हटलं तसं? ... आता सांगतो, चहा पोटात गेला तुमच्या. मले वाटलं, तंबूसमोर पन्नास माणूस उभा आहे, त्यांच्यासमोर मी माह्या स्वतःच्या पोरीची पत्रिका जुळवतो — याच्यापेक्षा मोठी जाहिरात कोणती? लोक म्हणतीन, दुकानदार स्वतःच्या पोरीचं लग्न मशीनवर सोडते म्हणजे मशीन पक्कं. मी भोंग्यावरून ओरडलो होतो. माह्यी लेक प्रमिला, अन् समुद्रपूरच्या शाळेतले विज्ञानाचे मास्तर गुलाबराव! बटण दाबलं. तीन मिनिटं. अन् कागदावर काय? मुलगा पूर्वा फाल्गुनी, मध्य नाडी. मुलगी मृग, मध्य नाडी. एक नाडी! भोंगा अजून माह्या हातात.

गुलाब काय म्हणाला होता, तुम्ही ऐकलं नसन, तुम्ही मागं होते. तो पुढं आला, हळूच म्हणाला, काका, हे अंश पूर्ण घेते की तोडून घेते? विज्ञानाचा मास्तर तो, त्याच्या नजरेत आलं, छाप्यावर चंद्र सरळ सहासष्ट अंश लिहिलेला, खाली कला-बिकला काही नाई. म्हणाला, एकदा पंचांगावर हातानं पाहून घ्या, पाच मिनिटं लागतीन. मागं प्रेमदास उभा होता. त्यानं माह्याकडं पाह्यलं. अन् मी भोंग्यावरून काय म्हटलं? म्हटलं — नवरदेवाले घाई झालेली दिसते! लोक असे हसले, असे हसले... गुलाबचा चेहरा लाल झाला. मागं वळून निघून गेला. प्रमिला तंबूच्या कनातीमागं उभी होती, तिनं ऐकलं.

नाई, थांबा, उठू नका. माहीत आहे मले, तुम्ही म्हणान हे तुम्ही आता काऊन सांगून राह्यले. ऐका तं. लग्न मोडलं, अन् माह्या धंदा तिप्पट झाला. खोटं नाई सांगत. लोक केळझरहून, पवनारहून येत, म्हणत, तानबाजी, तुमच्या मशीननं तुमच्या पोरीलेही सोडलं नाई, मग आमचं काय खोटं सांगन? मी मान हालवत होतो. हार घातला होता एकानं.

मग हे नवं आलं, दीड वर्षं झाली. सोळा बिट. नागपूरवाला म्हणे, पूर्ण सोळा, दुप्पट टोपलं. प्रेमदासनं झाकण उघडलं अन् हसला. म्हणाला, आतमंधी सोळा आहे, पण दार आठचंच आहे. म्हणजे कसं? समजा गोदामात दोघं हमाल मिळून मोठी गाठ उचलतात, पण दरवाजा इतका अरुंद की बाहेर काढताना गाठ सोडून अर्धी-अर्धी काढा लागते. आतलं काम भरभर, ये-जा अर्ध्या वेगानं. मी नागपूरवाल्याले तार केली. त्याचं उत्तर आलं, सगळ्यांचंच असं आहे. बरं म्हटलं. पण टिचक्या पाहा — बटण बंद असलं तं पावणेपाच मेगाहर्ट्झ, हे बटण, हे, टर्बोचं, दाबलं की दहा! प्रेमदासनं प्रोग्रामही नव्यानं लिहिला, आता दीड-बीड काही नाई, पूर्ण अंश, कला, विकला. अन् तरी चाळीस सेकंद! अकरा मिनिटांचे चाळीस सेकंद.

पहिलंच गिऱ्हाईक आली आनंदाबाई, म्हातारी, नातवाची पत्रिका काढाले. टर्बो लावलं, चाळीस सेकंदांत कागद दिला. म्हातारी कागद पाहते, मशीन पाहते, माह्याकडं पाहते. डोळ्यात पाणी. म्हणते — बाबू, माह्या नातवाचं नशीब इतकंसंच आहे का रे? गुरुजी तं अर्धा दिवस लावत होते! काय सांगू तिले? मेगाहर्ट्झ सांगू? त्या दिवसापासून गिऱ्हाईक समोर असलं की मी टर्बो बंद ठेवतो. चाळीसचे ऐंशी-पंच्याऐंशी सेकंद होते. तेही कमी पडते म्हणून म्हणतो, मशीन गरम होऊन राह्यलं.

... हो. बरोबर पकडलं तुम्ही. गरम-बिरम काही व्हावं लागत नाई. चालू केलं की चालू. तुम्ही आले तवाच तयार होतं ते. मले थोडा वेळ पाहिजे होता, रूपरावजी. तुम्ही फाटकातून येताना दिसले, हातात कागद. म्हणून टोपल्या सांगितल्या, हमाल सांगितले.

कारण पुढचं असं आहे. प्रेमदासनं मशीन शिकवलं तं मलेच नाई शिकवलं, प्रमिलालेही शिकवलं. माह्यापेक्षा चांगलं येते तिले. नवं मशीन आलं त्या आठवड्यात मी वर्ध्याले गेलतो, परत आलो तं ती इथं बसलेली, या स्टुलावर. तिनं स्वतःची अन् गुलाबची पत्रिका टाकली होती. मृग नाई. आर्द्रा. चंद्र सदुसष्ट अंशावर. म्हणजे ती जन्मली त्याच्या अर्धा-पाऊण तास आधीच चंद्र मृगातून निघून आर्द्रात गेलता. आर्द्राची नाडी आद्य. गुलाबची मध्य. एक नाडी नव्हतीच! काठावरचे ते शंभरातले पाच — त्या पाचांत माह्यी पोरगी होती. मी छापा हातात घेऊन उभा, अन् काय म्हटलं असन मी? म्हटलं, बाई, जुनं मशीन लहान होतं, आठ बिटचं, त्याची ऐपतच तेवढी. त्याले कसं समजन?

ती जुनं मशीन टीव्हीसकट उचलून आत घेऊन गेली. चार दिवस त्याच्यापुढं बसली. प्रेमदासचा पहिला प्रोग्राम, अकरा मिनिटांचा, त्याची टेप शोधून काढली, पाचव्या दिवशी मले आवाज दिला — बाबा, या. बसा. अन् तिनं तेच आठ बिटचं मशीन, तीच लहान टोपली, सुरू केली. अकरा मिनिटं बसलो मी, रूपरावजी. पंखा बंद होता. ती भिंतीकडं पाहत होती, मी टीव्हीकडं. अन् अकरा मिनिटांनी त्यावर आलं — आर्द्रा.

समजलं का तुम्हाले? मशीन लहान होतं म्हणून चुकलं नाई. त्याले अकरा मिनिटं दिली असती तं त्यानंही खरं सांगितलं असतं. घाई माह्यी होती. अन् गुलाब म्हणाला होता तसं पंचांग उघडलं असतं, तं पाच मिनिटांत झालं असतं. भोंगा हातात नसता तं मी उघडलंही असतं.

तवापासून ती बोलत नाई माह्याशी. म्हणजे जेवण वाढते, चहा करते, दुकानाची किल्ली देते. काही विचारलं तं हो-नाई म्हणते. पण बोलत नाई. दोन ठिकाणचे पाहाले आले, तिनं दोन्ही वेळा पाहुण्यांले चहा दिला अन् आत जाऊन जुनं मशीन सुरू केलं. शिट्ट्या बाहेरपर्यंत ऐकू येत. पाहुणे गेले.

म्हणान, तुम्ही समुद्रपूरले येऊन सांगाचं होतं. हो. तीन वेळा एसटीच्या स्टँडवर गेलो. एकदा तं जांबपर्यंत आलतो, तिथून परत फिरलो. काय सांगू आल्यावर? ज्या पोट्ट्याचं पन्नास माणसांत हसं केलं, त्याले सांगू की तूच बरोबर होतास? अन् हे गावात कळलं तं गिरडचे ते सगळे लोक कागद घेऊन माह्या दारात येतीन, शंभरातले पाच. येतीन तं येतीन. आता मी म्हणतो, येऊ द्या. दीड वर्षं नाई म्हटलं, ते खरं आहे.

तं ते माह्यं झालं. आता तुमचं. हे घ्या, टर्बो दाबलं, पाहा लाल दिवा लागला, दहा मेगाहर्ट्झ. तुमच्यासमोर काही लपवत नाई. हिंगणघाट, सतरा ऑगस्ट, सहा दहा. गुलाबची वेळ मशीनमंधी आहेच. हं. सुरू.

एक विचारू? वर्ध्यात दोन मशीनी आहेत आता, हिंगणघाटात एक. मुलीच्या गावातच मशीन, अन् तुम्ही पंधरा कोसांचा वळसा घेऊन सेलूले आले. काऊन आले? ... कॅलेंडरकडं नका पाहू, ते मागच्या वर्षीचं आहे. गुलाबनं सांगतलं का? ... हं. गुलाब म्हणाला, जुळवाचं असन तं सेलूलेच जुळवा. नाई तं मी हो म्हणत नाई. असं म्हणाला का? ... अजून काही म्हणाला? ... बरं. नका सांगू.

झालं. आलं पाहा. चाळीस सेकंद.

वाचतो. मुलगी रेवती. अंत्य नाडी. मुलगा मध्य. नाडीदोष नाई. गुण... थांबा, चष्मा... चोवीस. चोवीस गुण, रूपरावजी. चांगलं आहे. जुळते. मी तुम्हाले पंधरा सांगितले असते तं तुम्ही काय तपासणार होते? कागद इंग्रजी अक्षरात येते, मराठीत मीच लिहून देतो. सहा दहाच्या ऐवजी सहा वाजून पन्नास टाकलं असतं तरी कोणाच्या नजरेत आलं नसतं. आलं होतं मनात, तुम्ही पिशवी खाली ठेवली तवाच. पण नाई. एकदा कागदावर भलतंच उतरलं तं काय होते ते पाह्यलं मी. घ्या. हा छापा तुमचा. हिंगणघाटवाल्यांले सांगा, चोवीस गुण, दोष नाई. सव्वाचार झाले, निघा, गाडी वेळेवर येते आजकाल.

घडी नका करू, शाई ओली आहे.

... काऊन बसले? गाडी चुकन. ... चुकू द्या म्हणता? नंतरची साडेसहाले आहे, ती वर्ध्यापर्यंतच जाते.

काय? ... कोणता कागद? आर्द्राचा? प्रमिलाचा? तो माह्याजवळ नाई. नाई, मशीनमंधीही नाई, तिनं पुसून टाकला. तिच्याजवळच आहे, जपून ठेवलेला. पाहाचा आहे? मी मागतला तं नाई देणार ती. मी दोनदा मागून पाह्यला. तुम्हाले तरी देईन की नाई, मले माहीत नाई. कदाचित तुम्हालेही दारातून परत लावन, तिचा हक आहे. पण विचाराचं असन तं तिलेच विचारा. गुलाब काय म्हणाला तेही तिलेच सांगा, मले नका सांगू. सरळ जा, न्हाणीच्या बाजूनं, डाव्या हाताची खोली. खोकला काढून जा, ती दचकते.

मी? मी नाई येत. मी कसा येऊ, गिऱ्हाईक आहे मले. ... कुठी म्हणजे? येईन कोणी. जा तुम्ही.